पिवळ्यांच्या घरात एकेकाने जायचं

त्या संध्याकाळी आमच्या घरात तिघं जण रडत होतो आणि दुःख कुणालाच नव्हतं.

झालं असं, की आमची नात कामावरून आली ती दारातच थांबली. डोळे लाल, नाक लाल, गालांवर ओघळ. मला वाटलं, बोलणी खाऊन आली पोरगी. मी पुढे झाले, तिला पोटाशी धरलं आणि म्हटलं, "रड हो, मनात ठेवू नकोस." एवढं म्हणते तोच माझ्याच डोळ्यांतून धारा लागल्या. वय झालं, मन हळवं झालं, असं म्हणून मी तेही आपलं मानून घेतलं. तेवढ्यात आमचे हे आतून चष्मा पुसत आले. ह्यांच्या डोळ्यांत मी कधी पाणी पाहिलं नाही. एकुलती मुलगी परदेशी गेली तेव्हा हे स्टेशनवर गाडी किती मिनिटं उशिरा सुटली ते बघत उभे होते. पण त्या दिवशी आमच्या दोघींच्या जवळ आले आणि हेही मुसमुसायला लागले.

"अहो, तुम्ही कशाला रडता?" मी विचारलं.

"मी रडत नाहीये. तुम्ही दोघी का रडताय ते विचारायला आलो होतो."

"मीही रडत नाहीये," नात म्हणाली. "आजी, मला सोड. माझा स्वेटर आहे तो."

स्वेटर चिमट्याने उचलून गॅलरीत टांगला, खिडक्या उघडल्या, तेव्हा कुठे तिघं माणसांत आलो. शेजारीण पलीकडच्या गॅलरीतून बघत होती. तिने खुणेनेच विचारलं, कोण गेलं? मी खुणेनेच सांगितलं, स्वेटर. तिने मान हलवली आणि आत गेली. तिला काय समजलं कोण जाणे.

नात ज्या प्रयोगशाळेत काम करायची ती आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. औषध कंपन्यांना लागणारी रसायनं तिथे थोडीथोडी करून देतात. तिला अजून कायम केलेलं नव्हतं, हात बघून मग ठरवू म्हणाले होते. आधीच्या नोकरीत ती दिवसभर पाण्याचा खारटपणा मोजायची. घरी आली की आमटीकडेही संशयाने बघायची. ही नवी जागा मिळाली तेव्हापासून मात्र पोरगी जेवताना बोलायला लागली होती, त्यामुळे ती टिकावी असं आम्हा दोघांनाही फार वाटत होतं.

तिला दिलेलं काम मी माझ्या पद्धतीने सांगते. मी सगळं आयुष्य बालवर्गाला शिकवण्यात घालवलं, त्यामुळे मला गोष्ट मण्यांत आणि ठोकळ्यांत सांगितली तरच कळते. असं समजा, की एक माळ आहे. मणी कार्बनचे, आणि एका टोकाला एक आंबट मणी. ह्या माळेला आम्ल म्हणायचं. आता ही माळ एका मण्याने लांब करायची आहे, पण टोकाचा आंबटपणा जाता कामा नये. ओवून ठेवलेल्या माळेत शेवटच्या मण्याच्या आधी एक मणी घुसवायचा म्हणजे काय कटकट असते ते ज्याने केलंय त्याला माहीत.

रसायनवाल्यांनी ह्यावर युक्ती काढली आहे. आधी आंबट टोकावर क्लोरीन बसवून घेतात. त्याला म्हणतात आम्ल क्लोराइड. मग त्याची गाठ डायझोमिथेनशी घालून देतात. डायझोमिथेन म्हणजे एक कार्बन, आणि त्याच्या मागे नायट्रोजनचं जुळं. दोघांची गाठ पडली की क्लोरीन सुटतो आणि त्याच्या जागी कार्बन आपल्या जुळ्यासकट येऊन बसतो. हा झाला डायझोकीटोन. तो पाण्यात थोड्या चांदीच्या क्षाराबरोबर कोमट केला, की जुळं बुडबुडे होऊन पळून जातं आणि नवा मणी माळेत सरकून बरोबर आपल्या जागी बसतो. आंबट टोक पुन्हा शाबूत. नातीने मला हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, एवढा समजूतदार मणी माझ्या वर्गात एकही नव्हता.

फक्त हे डायझोमिथेन फार वाईट स्वभावाचं आहे. पिवळं, विषारी, आणि भांड्याच्या काचेला ओरखडा असला तरी तेवढ्यावर भडकून फुटेल असं. म्हणून ते ईथरमध्ये विरघळवून बर्फात ठेवतात, गुळगुळीत काच वापरतात, पुढे जाड पारदर्शक पडदा लावतात आणि सगळं काम हूडमध्ये करतात. हूड म्हणजे सरकत्या काचेचं कपाट. त्यातली हवा पंखा ओढून घेतो आणि इमारतीच्या बाहेर सोडतो. बाहेर म्हणजे, ह्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांच्या खिडकीशेजारी.

हे डॉक्टर आदल्या आठवड्यातच खाली येऊन गेले होते. नातीच्या पहिल्या प्रयत्नानंतर.

"मी तक्रार करायला आलेलो नाही," ते मॅडमना म्हणाले होते. मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. "पण माझे पेशंट खुर्चीत बसायच्या आधी रडायला लागलेत. बाहेर बसलेले बघतात, आतून माणूस डोळे पुसत येतोय. दोघं तर उठून गेले. मी अजून पक्कड हातात घेतली नव्हती हो."

मॅडमनी माफी मागितली होती. नातीला एवढंच म्हणाल्या होत्या, "नीट धुवून घे सगळं. आम्ल क्लोराइड राहून गेलं असेल. तेही झोंबतं." नातीने दुसऱ्या वेळी तिप्पट काळजी घेतली. सगळं अधिक सावकाश केलं, थेंब अधिक बारीक सोडले, काच अधिक वेळा धुतली. त्या दुसऱ्या प्रयत्नाच्याच दिवशी स्वेटर घरी आला होता.

"आणि हाती काय आलं?" ह्यांनी विचारलं. डोळ्यांवर ओला रुमाल धरून हे टेबलाशी बसले होते.

"भलतंच. डायझोकीटोन पिवळा हवा, हा पांढरट. चांदीबरोबर तापवला तर बुडबुडा नाही एक. नुसता डोळ्यांत जातो."

"मॅडम काय म्हणाल्या?"

नातीने रुमाल पिळला. "शनिवारी शेवटची संधी. जमलं तर कायम. नाहीतर दुसरीकडे बघ म्हणाल्या. रागाने नाही म्हणाल्या, आजोबा. तेच जास्त लागलं."

आता आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. हे मोठ्या वर्गांना रसायनशास्त्र शिकवायचे. गावातला निम्मा माणूस ह्यांच्या हाताखालून गेलाय, आणि त्या सगळ्यांना ह्यांचा एक नियम पाठ आहे. आम्लात पाणी ओतायचं नाही, पाण्यात आम्ल ओतायचं, हे तर सगळेच शिकवतात. ह्यांनी त्याची गोष्ट केली होती. 'तापट माणसाला शांत माणसाच्या घरी पाठवायचं, तेही एकेक पाऊल. शांत माणसाला तापटाच्या घरात ढकलायचं नाही.' मुलांना हे इतकं आवडायचं की परीक्षेत नुसतं एवढंच लिहून पास झालेली मुलंही आहेत. आमच्या नातीने हा नियम स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून पाय हलवत पाठ केलेला. आणि मॅडम? मॅडमही ह्यांच्याच विद्यार्थिनी. दुसऱ्या बाकावर बसायच्या, दोन वेण्या, सतत हात वर. हे अजून त्यांचं नाव घेतात तेव्हा आधी 'दुसरा बाक' म्हणतात.

"कृती कुठली वापरलीस?" ह्यांनी विचारलं.

"छापील आहे. जुनी आहे फार. त्यात नुसतं म्हटलंय, दोन्ही थंड करून एकत्र करावीत. कशात काय ओतायचं ते नाही दिलं."

"मग तू काय केलंस?"

"डायझोमिथेन तापट ना? ते थेंबथेंब सोडलं, आम्ल क्लोराइडमध्ये. मॅडमना विचारलं आधी. त्या म्हणाल्या, बरोबर, दुसरं काय करणार."

"बरोबर," हे म्हणाले. "अगदी बरोबर."

म्हणजे एक गुरू आणि त्याच्या दोन शिष्या एकमेकांना शाबासकी देत होते आणि दातांचा डॉक्टर वर रडत होता.

नंतरचे दोन दिवस ह्यांनी घर डोक्यावर घेतलं. मिळेल त्या कागदावर आकृत्या. वाण्याच्या पुडीवर डायझोमिथेन, माझ्या औषधाच्या खोक्यावर आम्ल क्लोराइड. मी भाजी चिरायला घेतली की हे समोर येऊन म्हणायचे, "समज, हा कांदा क्लोरीन." मी म्हणायचे, "तो कांदा आहे. मला डोळ्यांत पाणी आणायला तुमचा क्लोरीन नको." ह्यांचं म्हणणं, धुण्यातच चूक असणार. नातीचं म्हणणं, ह्याहून जास्त धुतलं तर काच झिजेल. दोघं एकमेकांवर चिडायला लागली. नात जेवताना पुन्हा गप्प झाली. शनिवार तोंडावर आला होता.

आमच्याकडे संध्याकाळी गल्लीतली मुलं अभ्यासाला येतात. फुकटची शिकवणी, म्हणून आया खूश, आणि आमच्याकडे आरडाओरडा करता येतो म्हणून मुलं खूश. त्या दिवशी ह्यांनी गणित सोडून फळ्यावर डायझोमिथेन काढलं. मुलं बघत राहिली. एकाने विचारलं, परीक्षेला आहे का. नाही म्हटल्यावर सगळ्यांनी मिळून जांभई दिली.

मी दारातून म्हटलं, "अहो, काढताय काय ते. उभं करा ना त्यांना."

"कोणाला?"

"मुलांना. बालवर्गात आम्ही बेरीजसुद्धा पोरं उभी करून शिकवतो. आपोआप हलतात, आपोआप चुकतात, आणि चूक कुठे झाली ते सगळ्यांना दिसतं."

ह्यांना ते बालिश वाटलं हे चेहऱ्यावर दिसलं, पण मुलं तोवर उठून उभी राहिली होती. मग माघार घ्यायची सोय उरली नाही. नात कोपऱ्यात खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती, तिच्याकडून एकेक गोष्ट विचारून आम्ही खेळ मांडला.

खोलीभर मुलं, प्रत्येकाच्या पाठीला दप्तर. ही आम्ल क्लोराइडं. दप्तर म्हणजे क्लोरीन. स्वयंपाकघरात पिवळी माणसं, खांद्यावर पिवळा फडका. माझे दोनच पिवळे फडके होते, बाकीच्यांना हळदीचे डाग पडलेली पुसणी दिली. प्रत्येक पिवळ्याबरोबर नायट्रोजनचं जुळं हवं. वर्गात खरंखुरं जुळं एकच होतं, वाण्याच्या मुली. त्यांना पहिल्या पिवळीला दिलं. पहिली पिवळी म्हणजे मुंगी. हे तिचं गल्लीतलं नाव, अंगाने एवढीशी म्हणून. बाकीच्या पिवळ्यांना जुळं म्हणून चपलांचे जोड दिले.

"आणि मी?" दांडगोबाने विचारलं. हा आमच्या शिकवणीतला सगळ्यात आडदांड मुलगा. त्याला कुठेच उभं केलेलं नव्हतं, कारण तो उभा राहत नाही.

नात खुर्चीतून म्हणाली, "आजोबा, क्लोरीन सुटतो तो एकटा राहत नाही. पिवळ्याचा एक हायड्रोजन घेऊन त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं."

"मग हा ते आम्ल," मी म्हटलं. "कोणाचं दप्तर खाली पडलं की तू उचलायचंस. आणि उचललंस की जो पिवळा हाताला लागेल त्याला धरायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

"हे मी रोजच करतो," दांडगोबा म्हणाला.

नातीने नियम नीट सांगितला. दांडगोबाने पिवळ्याला धरलं की त्या पिवळ्याचं जुळं सुटून गॅलरीत पळायचं, आणि त्याच्या जागी दांडगोबा दप्तरासकट चिकटणार. तो पिवळा मोकळा असेल तर दोघंही वायू होऊन खोलीबाहेर. काही त्रास नाही.

"करा सुरू," हे म्हणाले. "आत्तापर्यंत केलं तसंच. पिवळे आत, एकेक, सावकाश."

मुंगी स्वयंपाकघरातून जुळ्यांचे हात धरून आली. दप्तरवाल्यांच्या गर्दीत शिरली, एकाचा हात धरला. त्याचं दप्तर पडलं. मुंगी त्याला जोडली गेली, जुळी तिच्या मागे. डायझोकीटोन तयार. हे खूश झाले. तोवर दांडगोबाने दप्तर उचललं आणि पिवळं कोण ते बघू लागला. खोलीभर दप्तरंच दप्तरं. पुढचा पिवळा अजून स्वयंपाकघरात, चपलांचा जोड छातीशी धरून आपली पाळी येण्याची वाट बघत, कारण हे ओरडत होते, "थांब, थांब, थेंबथेंब." पिवळं असं खोलीत एकच होतं. दांडगोबाने मुंगीलाच धरलं.

जुळी किंचाळत गॅलरीत पळाली. मुंगीच्या एका हातात तो मुलगा, दुसऱ्या हातात दांडगोबा आणि दप्तर.

"आता हे काय झालं?" मी विचारलं.

नात खुर्चीवरून उतरली होती. "क्लोरोकीटोन," ती म्हणाली. तोंडातल्या तोंडातच म्हणाली. "डायझोकीटोनमधला नायट्रोजन जाऊन क्लोरीन आला. ह्या जातीची रसायनं... आजोबा, ही डोळ्यांना झोंबणारी असतात. भयंकर."

"दुसरा पिवळा सोडा," हे म्हणाले. आवाज जरा खाली आला होता.

दुसरा आला, जोडला गेला, त्याच्या मागे दांडगोबा. चपला गॅलरीत. तिसरा आला, तेच. हे जितके सावकाश सोडायला सांगत होते तितकी दांडगोबाची चैन होती. गॅलरीत चपलांचा ढीग झाला. जुळी म्हणाली आता पुन्हा पळायचं का, आमचे पाय दुखतात. मी त्यांना सांगितलं, नायट्रोजनचे पाय दुखत नाहीत, चला परत.

"आता उलटं करू," नात म्हणाली. तिने आजोबांना विचारलं नाही. "पिवळे सगळे खोलीत. दप्तरवाले स्वयंपाकघरात. एकेक या."

खोली पिवळ्यांनी भरली. पहिला दप्तरवाला आला. मुंगीने हात धरला, दप्तर पडलं, दांडगोबाने उचललं आणि फिरला, तर चहूकडे पिवळेच पिवळे, सगळे मोकळे. पहिला हाताला लागला त्याला धरलं, चपला उडाल्या, आणि ठरल्याप्रमाणे दोघंही वायू होऊन जिन्यात गेले. मुंगी खोलीत तशीच, हातात हात, मागे जुळी शाबूत. दुसरा दप्तरवाला आला, तसंच झालं. दांडगोबाला प्रत्येक वेळी जिन्यातून परत बोलवावं लागत होतं आणि प्रत्येक वेळी तो एका पिवळ्याला घेऊन पुन्हा बाहेर जात होता.

"ह्यात मजा नाही," शेवटी तो दारातून म्हणाला. "मघाशी मजा होती."

मुंगी म्हणाली, "आजी, पिवळे दुप्पट लागले. एक कामाला आणि एक दांडगोबाला."

नात माझ्या औषधाच्या खोक्यावर भराभर लिहीत होती. हे फळ्यापाशी उभे होते. मुलांनी विचारलं, कोण जिंकलं. हे खडू हातात धरून चपलांच्या ढिगाकडे बघत राहिले.

मुलं गेल्यावर मी चपला जोडीला जोड लावत बसले. हे आले आणि माझ्याशेजारी टेकले.

"नियम चुकीचा नाहीये," हे म्हणाले.

"मी काही बोलले का?"

"तापट शांताकडे पाठवायचा, हे बरोबरच आहे. फक्त ह्या दोघींनी तापट ओळखला चुकीचा. पिवळं तापट दिसतं, पण इथला खरा तापट बाहेरून यायचाच नव्हता. तो आतच जन्माला येणार होता. तेव्हा जिथे त्याला धरायला माणसं असतील त्या घरात त्याला जन्माला घालायचं."

"हे त्या दोघींना कधी शिकवलंत?"

ह्यांनी एक चप्पल उचलून दुसऱ्याच चपलेशी जोडली. "आत्ता मला सुचलंय ते," म्हणाले.

आता खरी अडचण पुढे होती. मॅडमनी ज्या क्रमाला बरोबर म्हटलं होतं तोच उलटा करायचा. न सांगता केलं आणि फसलं तर संपलंच. सांगायचं तर सांगणार कसं, तुम्ही चुकलात म्हणून? नातीने शुक्रवारची सकाळ ह्याच विचारात दात घासत काढली. शेवटी हे म्हणाले, "मी येतो." मी म्हटलं, "मग मीही येते, कारण हे सांगायला जातील आणि शिकवून परत येतील."

मॅडम आम्हाला बघून खुर्चीतून उठल्या. पन्नाशीची बाई, पण ह्यांच्यासमोर हात पाठीमागे गेले.

"सर, तुम्ही? बसा ना."

"तू बस आधी," हे म्हणाले. "मला सांग, तापट कोण?"

"डायझोमिथेन, सर."

"चूक."

मॅडमचे कान लाल झाले. प्रयोगशाळेतल्या दोन मुलांनी माना खाली घातल्या आणि कान टवकारले. मी ह्यांना कोपराने ढोसलं. ह्यांनी मग नीट सांगितलं, दप्तरं, पिवळे फडके, दांडगोबा, सगळं. मॅडम ऐकत होत्या. मध्येच त्यांनी एक कागद ओढला, स्वतःच बाण काढले, खोडले, पुन्हा काढले. त्यांची आधीची सगळी नोकरी कापडाच्या रंगांत गेलेली, डायझोमिथेनशी त्यांचीही ही पहिलीच गाठ होती.

"म्हणजे मी तिला थेंब अजून बारीक कर म्हणत होते," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि जितका बारीक, तितका..."

"तितका दांडगोबा खूश," मी म्हटलं.

मॅडमनी नातीकडे बघितलं. "तुला हे आधी का नाही सुचलं?"

"तुम्ही बरोबर म्हणालात म्हणून, मॅडम."

"आणि मला का नाही सुचलं?"

ह्यावर नातीने समोरची काच पुसायला घेतली. शहाणी आहे पोरगी. मॅडमनी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी छताकडे.

"उद्या उलटं कर," मॅडम म्हणाल्या. "पण सांगून ठेवते, क्रम कोणाचाही असो, मला पदार्थ दिसला पाहिजे. बरोबर तापमानाला वितळला पाहिजे. कंपनीला गोष्ट नको आहे, आम्ल हवं आहे."

शनिवारी आम्ही दोघं ऑफिसच्या काचेआड बसलो होतो. पलीकडे नात हूडपाशी, पडद्यामागे हात घालून. बर्फात पिवळं द्रावण, आणि ह्या वेळी भरपूर, गरजेच्या दुपटीहून अधिक. थोड्याच वेळात दातांचे डॉक्टर आले. त्यांनी सकाळचे सगळे पेशंट दुपारवर ढकलले होते.

"मी खालीच थांबतो," ते म्हणाले. "रडायचंच असेल तर कारण तरी दिसेल."

त्यांनी खिशातून रुमाल काढून मांडीवर ठेवला. मीही काढला. ह्यांनी नाही काढला, पण ह्यांचा हात खिशात होता.

आम्ल क्लोराइडचा पहिला थेंब पिवळ्यात पडला. बारीक बुडबुडे आले. हे कुजबुजले, "दांडगोबा बाहेर गेला." डॉक्टरांनी विचारलं, कोण? मी म्हटलं, नंतर सांगते. दुसरा थेंब, बुडबुडे. अशी बराच वेळ ये-जा चालली होती. आम्ही तिघं नाकाने हवा चाचपत बसलो होतो. एकदा डॉक्टरांनी डोळे मिचकावले आणि आम्ही सगळे दचकलो. ते म्हणाले, काही नाही, पापणीचा केस.

मग नातीने उरलेल्या डायझोमिथेनवर सौम्य आम्लाचे थेंब सोडून ते निवांत केलं, ईथर उडवलं, आणि भांडं आतच तिरकं धरलं. तळाशी पिवळे खडे होते. लिंबाच्या सालीसारखे पिवळे. कोणाच्याही डोळ्यांत पाणी नव्हतं. डॉक्टरांनी रुमालाची घडी घातली, जरा निराशच वाटले.

"अर्धंच झालंय," मॅडम आमच्या मागे उभ्या राहून म्हणाल्या. त्या कधी आल्या कळलंच नव्हतं.

चांदीचा क्षार घातला, कोमट केलं. थोडा वेळ काहीच होईना. नातीची पाठ आम्हाला दिसत होती आणि ती पाठ श्वास घेत नव्हती. मग द्रावण काळवंडलं आणि तळातून बुडबुडे सुटले, आधी एकेक, मग झुंडीने. हे उठून काचेला नाक लावून उभे राहिले. "जुळी पळाली," म्हणाले, "जुळी पळाली बघ." मॅडमनी वळून ह्यांच्याकडे पाहिलं.

दुपार झाली. गाळणं, आम्ल घालणं, थंड करणं, वाळवणं. डॉक्टर वर जाऊन दोन दात काढून परत आले. शेवटी पांढरे शुभ्र खडे काचेच्या बारीक नळीत भरले आणि वितळायला ठेवले. मॅडम भिंगाला डोळा लावून स्वतः बसल्या. नात बाजूला, हात खिशात. पारा चढत होता. जुन्या, आखूड माळेच्या आम्लाचं तापमान मागे गेलं आणि खडे तसेच राहिले. त्यापुढे थोडं गेल्यावर त्यांनी मान जराशी खाली केली, आणि म्हणाल्या, "वितळला. नव्याचाच आकडा आहे, अर्ध्या अंशाचाही फरक नाही."

त्या उठल्या. नातीला म्हणाल्या, "सोमवारी नऊला ये. आता रोजचंच आहे हे."

"म्हणजे कायम, मॅडम?"

"मग काय कवायतीला बोलावतेय?" मॅडमनी चष्मा काढला. "आणि ऐक. पुढच्या वेळी मी बरोबर म्हटलं तरी, तुला पटेपर्यंत विचारत राहायचं."

नातीने जरा विचार केला. "ह्या वेळी विचारलं असतं, तर तुम्ही ऐकलं असतं?"

मॅडमनी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं, मग पुन्हा नातीकडे.

"नसतं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर विचारत राहा म्हणतेय." आणि मग, चष्मा पुन्हा लावत, "कंपनीला हेच आम्ल दहा पट हवंय. सर, त्या मुलांना पुढच्या आठवड्यात एकदा इथे आणाल? दहा पटीत काय काय बिघडू शकतं ते मला उभं करून बघायचंय."